शिवगंगाचं वाक्य

कस्तुराबाईचा राग गल्लीला नवा नव्हता. पाणी सोडणाऱ्या शिपायापासून रेशनच्या दुकानदारापर्यंत तिनं कुणाला सोडलं नव्हतं, आणि नवरा रामकिशन तर तिचा आवाज चढला की खांद्यावर टॉवेल टाकून सरळ शेताची वाट धरायचा. पण त्या रागाची एक खोड होती. तो बोलून मोकळा व्हायचा. पोटभर शिव्या देऊन झाल्या की बाई त्याच माणसाला बसवून चहा पाजायची. लातूरहून परत येताना मात्र ती कंधारपर्यंत एक शब्द बोलली नाही. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तेव्हा गावाचं नावसुद्धा तिच्या तोंडातून नीट निघेना. राग आत कोंडला की छातीत दुखतं, हे तिला या वयात पहिल्यांदा कळत होतं.

काय झालं ते सांगायचं तर पुनमच्या फोनापासून सुरुवात करावी लागेल.

पुनम ही कस्तुराबाईची थोरली लेक. नांदेडला शिकली, मग पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षांच्या मागं लागली, आणि कुठल्याच शेवटच्या यादीत नाव लागेना तेव्हा परत येऊन लातूरच्या एका क्लासात मराठीचं व्याकरण शिकवायला लागली. तलाठ्याची भरती, पोलिसाची भरती, ग्रामसेवकाची भरती, अशा भरत्यांच्या पोरांनी तो क्लास ठासून भरलेला. पोरांना सराव परीक्षा असायच्या आणि त्यांचे प्रश्नही पुनमच काढायची. शुद्ध वाक्य ओळखा, योग्य वाक्प्रचार निवडा, असले. चार वाक्यं द्यायची, त्यातलं एक बरोबर, तीन चुकीची. लेक काय काम करते असं कुणी विचारलं की कस्तुराबाई सांगायची, ती चुका काढती. आणि खुशाल हसायची.

पुनमचा रोज दिवेलागणीला फोन यायचा. तोही साधा नाही. स्वतःचं काही सांगायची नाही, नुसतं म्हणायची, माय, बोल. काय बोलू म्हटलं तर म्हशीचं सांग, शेजारणीचं सांग, कुणाचं भांडण झालं ते सांग. कस्तुराबाई तासभर बोलायची आणि पोरगी तिकडं मन लावून ऐकायची. आता कुठल्या आईला याचा संशय येईल? कस्तुराबाईला वाटलं, लेकरू लातुरात एकटं, करमत नाही, मायच्या आवाजावर दिवस काढायलंय. तिचं काळीज भरून आलं. तिनं ही गोष्ट गल्लीभर केली, आणि तिथंच थांबली असती तरी चाललं असतं. पण एकटीचं बोलणं लेकीला पुरत नाही असं समजून ती संध्याकाळी फोन घेऊन ओट्यावर बसायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हाक मारून बोलवायची, बोल गं पुनमशी, तिला गावाकडचं ऐकायला लई आवडतं. बायकाही जमायच्या. पुनम एकेकीचं नाव घेऊन विचारायची, एकेकीला खुलवायची. आपलं कुणीतरी एवढं ऐकतंय याचंच बायकांना अप्रूप होतं.

असंच एका संध्याकाळी तिनं शिवगंगाला ओढून आणलं.

शिवगंगा शेजारीण. माहेर उदगीरकडचं, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचा. तिचा नवरा मलप्पा गावात किराणा दुकान चालवतो. त्यांना एकुलता एक मुलगा होता, बसवंत. शेताला लाइट रातपाळीची होती म्हणून पाण्याची मोटार चालू करायला गेला, आणि पेटीत करंट उतरला होता. एवढंच. त्या दिवसापासून शिवगंगाचं बोलणं बंद झालं. हाव आणि न्हाई, याच्या पलीकडं तिच्या तोंडातून काही येत नव्हतं. मलप्पानं नांदेडचे दवाखाने केले, गंडेदोरे केले. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी ही भिंतीकडं तोंड करून बसलेली असायची. कस्तुराबाई रोज जाऊन तिच्यापुढं बडबड करायची आणि हात हलवत परत यायची.

त्या संध्याकाळी तिनं फोन शिवगंगाच्या कानाला लावला. पुनम तिकडून म्हणाली, बोला ना मावशी. बराच वेळ काही नाही. आणि मग शिवगंगा म्हणाली, "माझं बसवंत मोटार चालू कराया गेलं ते गेलंच गं." आणि रडायला लागली. ओट्यावरच्या सगळ्या बायका रडल्या. मग ती बोलतच सुटली. बसवंत लहानपणी काय खायचा, कुणाशी भांडायचा, शेवटचं जेवण कोणतं. पुनमनं सगळं ऐकून घेतलं, एकदाही तोडलं नाही.

त्यानंतर शिवगंगा रोज येऊ लागली. केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून, फोन यायच्या आधीच ओट्यावर हजर. पुढं दुकानाच्या गल्ल्यावर बसायला लागली, उधारीवाल्यांना झापायला लागली. मलप्पा एकदा कस्तुराबाईच्या पायाच पडायला निघाला होता. कस्तुराबाई सगळ्यांना सांगायची, माझ्या लेकीनं बाई माणसात आणली. तिला लेकीचा असा अभिमान कधीच वाटला नव्हता, पदवी घेतली तेव्हासुद्धा नाही.

प्रवेशाच्या धांदलीत पुनमला गावाकडं यायला जमेना, तेव्हा कस्तुराबाईनं ठरवलं, आपणच जाऊन यावं. शिवगंगानं पहाटे उठून ज्वारीच्या कडक भाकरी भाजल्या, पापडासारख्या पातळ, तिच्या माहेरी करतात तशा. शेंगाची चटणी कुटली. फडक्यात बांधून दिलं आणि बजावलं, पुनमच्या हातात द्या अक्का, दुसऱ्याच्या न्हाई. कस्तुराबाई ते गाठोडं मांडीवर घेऊन अहमदपूरमार्गे लातूरला पोचली.

क्लासच्या जिन्याशी पालकांची गर्दी होती. त्या दिवशी म्हणे फुकटचं नमुन्याचं लेक्चर होतं, आई-बापांनी मागच्या बाकांवर बसून बघायचं. दारावरच्या माणसानं कस्तुराबाईला कुणाची तरी आई समजून आत घेतलं. समजला ते काही खोटं नव्हतं. हॉलमध्ये नजर जाईल तिथवर पोरं, आणि तिकडं पुढं हातात माइक घेऊन पुनम. कस्तुराबाईनं पदर सावरला आणि शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून सांगितलं, ती माझी लेक.

पडद्यावर वाक्यं उमटत होती. पुनम एकेक वाचायची, पोरं बरोबर का चूक ते ओरडून सांगायची. आणि मग एक वाक्य आलं, म्हस आज दूध द्यायचंच न्हाई म्हणून राहिली. कस्तुराबाईला हसू आलं. ही तर माझीच म्हैस की. पुनमनं ते वाचलं, पण तिच्या शिकवायच्या आवाजात नाही. मान एका बाजूला टाकून, हेल काढून, हात ओवाळत वाचलं. तो कस्तुराबाईचा आवाज होता. अगदी हुबेहूब. हॉल खदखदून हसला. शेजारची बाईही हसली, आणि कस्तुराबाईचं हसू तिथल्या तिथं आटलं.

तरी तिनं स्वतःला समजावलं. असू दे, मायची नक्कल लेक करणारच. आपलं काय झिजलं? तेवढ्यात पडदा बदलला. पुढीलपैकी शुद्ध वाक्य ओळखा. आणि पहिलंच वाक्य: माझं बसवंत मोटार चालू कराया गेलं ते गेलंच.

पुनमनं तेही वाचलं. त्याच हेलात, शेवटचं गेलंच लांबवून. पोरं हसली. मग ती म्हणाली, "बसवंत मुलगा आहे ना? मग गेलं कसं? तो काय वासरू आहे का?" पोरं बाकं बडवून हसली.

कस्तुराबाई उठून उभी राहिली. असल्या जागी ती काय बोलली असती हे गल्लीतल्या कुणालाही विचारा. पण तोंड उघडायची वेळ आली आणि तिला भीती वाटली. आपण बोललो तर ही पोरं तेही पडद्यावर टाकतील, त्यालाही हसतील, असं वाटलं. जिभेवर आलेला शब्द बरोबर आहे की चूक, हे ती आयुष्यात पहिल्यांदा तपासून बघायला लागली, आणि त्यात बोलणं राहूनच गेलं. ती गाठोडं उचलून बाहेर आली आणि जिन्यावर बसली. आपली जीभ आपल्याच पोरीनं बांधली, या विचारानं तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला.

लेक्चर संपल्यावर पुनम पळतच आली. सगळ्यांसमोर तिनं 'आई' अशी हाक मारली, 'माय' अशी नाही, आणि तिला ऑफिसात घेऊन गेली. तिथं क्लासचे मालक आदिनाथ सर बसले होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि पुनम मॅडमचे प्रश्न म्हणजे आमच्या क्लासची शान आहे, असं कौतुकानं सांगू लागले. चुकीचं वाक्य बसून रचलं तर पोरं लगेच ओळखतात, खऱ्या माणसाच्या तोंडचं असलं तरच पोरगं फसतं आणि मग जन्मभर विसरत नाही. मॅडमची वाक्यं कशी अस्सल असतात. कुठून आणतात कोण जाणे.

कस्तुराबाईला आता कळलं, कुठून आणते ते. रोज संध्याकाळी ओट्यावर बायकांना हाका मारून तीच तर पुरवत होती.

तिनं गाठोडं टेबलावर ठेवलं. "हे शिवगंगानं पहाटं उठून तुझ्यासाठी भाजलंय. जिच्या मेलेल्या लेकराला तू आत्ता वासरू म्हणलीस, तिनं."

पुनमचं तोंड पांढरं पडलं. पण ती कस्तुराबाईचीच लेक, तिलाही राग यायला वेळ लागत नाही. बसवंत कोण हे इथं कुणाला माहीत आहे, म्हणाली. मावशीला तरी कधी कळणार आहे? आणि मग जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं ते भडभडा बाहेर आलं. पुण्याच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात ती उभी राहून म्हणाली होती, मी अभ्यास करून राहिले, म्हणजे करतेय. त्यावर सगळा वर्ग हसला आणि पुढं तिथं असेपर्यंत सगळे तिला राहिले मॅडम म्हणत. तिनं वर्गात तोंड उघडणंच सोडलं. मुलाखतीपर्यंत पोचली तिथंही तिची बोबडी वळली. "तेव्हा कोण आलं होतं माझ्यासाठी भांडायला? या पोरांवर ती पाळी येऊ नये म्हणून शिकवते मी. हसत हसत शिकतात, पण लागतात नोकरीला."

कस्तुराबाईला लेकीची कणव आली नाही असं नाही. पुण्याच्या त्या पोरांची थोबाडं तिला तिथल्या तिथं फोडावीशी वाटली. पण ही कणव तिनं गिळली, कारण ती दाखवली असती तर विषय तिथंच मिटला असता.

"तुला हसले ते वाईटच झालं," ती म्हणाली. "म्हणून तू शिवगंगाला हसायचं?"

कस्तुराबाईनं सांगितलं, ते वाक्य काढून टाक. तेव्हा सर मध्ये पडले. पुस्तिका छापून झाल्या होत्या, नांदेड, परभणी, बीडपर्यंत गेल्या होत्या, मोबाइलवरच्या परीक्षेतही तोच प्रश्न चढला होता. आता काढता येणार नाही, पण मावशींच्या भावना दुखावल्या असतील तर पुढच्या छपाईत नाव बदलू, बसवंतच्या जागी दुसरं कुठलंही टाकू, असं ते अगदी सरळ मनानं म्हणाले. कस्तुराबाईनं त्यांच्याकडं अशी नजर टाकली की त्यांनी पाण्याचा ग्लास स्वतःच पिऊन टाकला. ती उठली. लेक जिन्यापर्यंत माय, माय करत आली, पण हिनं मागं वळून पाहिलं नाही.

आणि तीच ही परतीची गाडी. सगळ्या वाटेत तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. शिवगंगाला सांगायचं की नाही? सांगितलं तर ती परत भिंतीकडं तोंड करून बसणार. मोठ्या मुश्किलीनं उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं की ते उघडणार नाही, आणि याला जबाबदार कोण, तर लेक आणि आपण. नाही सांगितलं तर बाई रोज ओट्यावर येणार, काळजातलं काढून देणार आणि पुनम ते ऐकणार. पुनम इथून पुढं एक अक्षर वापरणार नाही असं मानलं तरी कस्तुराबाईला ते बघवणार नव्हतं. घर येईपर्यंत तिचं काही ठरलं नाही.

ओट्यावर शिवगंगा आधीच येऊन बसली होती. भाकरी मोडल्या तर नाहीत ना, पुनमनं खाल्ल्या का, चटणी तिखट झाली का, तिनं विचारायला सुरुवात केली. कस्तुराबाईला वाटलं होतं आपण शब्द शोधून, सांभाळून सांगू. कसलं काय. चप्पल काढायच्या आधीच तिनं सगळं सांगून टाकलं. पडदा, पोरं, हेल, वासरू, सगळं. लेकीला दिल्या तेवढ्या शिव्या दिल्या, स्वतःला त्याहून जास्त दिल्या, आणि मग रडत खाली बसली.

शिवगंगा काही बोलली नाही. कस्तुराबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. याचीच तर तिला भीती होती.

तेवढ्यात फोन वाजला. पुनमचाच. कस्तुराबाई तो कापायला गेली, तर शिवगंगानं हात पुढं केला, फोन काढून घेतला आणि म्हणाली, बोल. तिकडून पुनम रडत माफी मागत होती, ओट्यावर ऐकू येत होतं. मावशी, माझं चुकलं, मी असं करायला नको होतं. शिवगंगानं तिला रडू दिलं. मग विचारलं, त्या चारातलं बरोबर वाक्य कोणतं ते वाच.

पुनमला आधी कळलंच नाही. शिवगंगानं पुन्हा विचारलं. तेव्हा पुनमनं हळूच सांगितलं, बसवंत मोटार चालू करण्यासाठी गेला आणि परत आला नाही.

"हे पोलिसानं पंचनाम्यात लिहिलंतं," शिवगंगा म्हणाली. "मला वाचून दावलं अन् अंगठा घेतला. तवाच वाटलं, हे दुसऱ्या कुनाच्या पोराचं असंल. माझं बसवंत ह्याच्यात कुठंच न्हाई. म्हणून मी गप झाले. तुझ्याशी बोलले तवा माझं मला सापडलं. अन् तू त्याला चूक म्हणलीस?"

तिचा आवाज चढत गेला. कस्तुराबाईनं हा आवाज बसवंत होता तेव्हाही कधी ऐकला नव्हता. शिवगंगा उठून उभी राहिली होती, दुकानाच्या दारात मलप्पा येऊन थांबला होता, पलीकडच्या बायका भिंतीवरून डोकावत होत्या. ती म्हणाली, मला तुझी माफी नको. ते वाक्य काढूबी नको, राहू दे तिथं. उत्तर बदल. उद्या सगळ्या पोरायला सांग, हे पहिलं वाक्य बरोबर हाय.

पुनमनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. सरांचं सांगितलं, परीक्षेतलं उत्तर आपल्या हातात नसतं ते सांगितलं. पोरं तसंच शिकली आणि खऱ्या पेपरात तसं काही आलं, तर त्यांचा मार्क जाईल, मावशी. एका मार्कानं नोकरी जाते इथं.

"जाऊ दे," शिवगंगा म्हणाली. "माझं लेकरू गेलं पुनम. तुझ्या पोरायचा एक मार्क जाऊ दे."

पुनमनं फोन ठेवला नाही. शिवगंगा फोन कानाला लावून उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली. कस्तुराबाईला मध्ये बोलायची सवय होती, पण त्या वेळी ती बोलली नाही.